बादलीतला रबर प्लांट

मी एक जुना रबर प्लांट आहे, आणि माझा जन्म सुरीने झाला.

सिडनीजवळ गिरावीनमध्ये मेधाताईंच्या बैठकीच्या खोलीत माझी आई होती, छताला टेकलेली. एका सकाळी मेधाताईंनी तिच्या फांदीची बोटभर साल गोल सोलून काढली. पांढरा चीक ठिबकला. त्यांनी तो पुसला, जखमेवर ओलं शेवाळ बांधलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. याला गुटी कलम म्हणतात. दोनेक महिन्यांत त्या जखमेतून मुळं फुटली आणि मला आईपासून कापून वेगळं केलं. दुखलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

मेधाताईंकडे तेव्हा मयूरा नावाची मुलगी भाड्याने राहायची. युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकत होती. मेधाताईंनी मला तिच्या हातात दिलं. पुढे तिचं लग्न झालं, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, आणि ती नवरा कुमारबरोबर मेलबर्नला निघाली. तिने मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून सीटबेल्ट लावला. कुमार खूप हसला होता.

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या नव्या घरात मला पूर्वेच्या खिडकीशी जागा मिळाली. पातळ पडद्यातून उजेड यायचा, पण ऊन अंगावर यायचं नाही. मयूरा मातीत दोन पेरं बोट खुपसून बघायची आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यायची. थंडीत पाणी आणखी कमी करायची, आणि हीटरच्या झोतापासून मला लांब सरकवायची. रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. पाहुणे विचारायचे, "खरा आहे? की प्लास्टिकचा?" आणि नखाने टोचून बघायचे. मयूरा-कुमारला लेक झाली, इरावती, ती माझ्या कुंडीला धरूनच उभी राहायला शिकली.

कुमार आधी चांगला होता आणि कोरोनाच्या साथीने बिघडला, असं लोक पुढे म्हणाले. मी त्या घरातच होतो, म्हणून सांगतो. साथ येण्याच्या दोन वर्षं आधी त्याने एकदा मयूराचा हात एवढा पिरगळला होता की ती आठवडाभर डाव्या हाताने भाजी चिरत होती. साथीने एवढंच केलं, की दारं बंद झाली.

२०२० च्या मार्चमध्ये कुमार काम करायचा त्या हॉटेलचं किचन बंद पडलं. मयूरा वृद्धाश्रमात नर्स होती, तिच्या शिफ्ट्स वाढल्या. तो घरी, ती बाहेर. आधी ताटल्या फुटल्या. मग माझी पाळी आली.

मयूराला यायला जितकी मिनिटं उशीर होई, तितकी माझी पानं तो तोडायचा. देठापासून पिरगळून, एकेक करून. डायनिंग टेबलावर ओळीने मांडून ठेवायचा. एका दुपारी ती मास्क काढत आत आली, तेव्हा टेबलावर सात पानं होती आणि माझ्या अंगावरून चीक ओघळत होता.

"सात मिनिटं," कुमार म्हणाला. "कुठे होतीस?"

"पेट्रोल भरत होते."

सहा वर्षांची इरावती कोपऱ्यातून म्हणाली, "ममा, द ट्री इज ब्लीडिंग."

मयूराने चीक पुसला. त्या संध्याकाळी तिने सांगलीला आईला फोन केला. आई म्हणाली, "नोकरी गेलीये गं त्याची. पुरुषाच्या जिवाला लागतं. जरा दमाने घे." मयूराने दमाने घेतलं. जुलैत तो तिला मारायला लागला. आधी उघड्या हाताने, मग पट्ट्याने. जखमा नर्सच्या गणवेशाखाली झाकल्या जातील अशाच जागी.

ऑगस्टमध्ये निर्बंध आणखी कडक झाले. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. मयूराला वाटायचं, आता इरावतीला घेऊन निघाले तर आपल्यालाच पोलीस अडवतील.

एका सकाळी ती माझी माती तपासत होती. कुमारने तिला चहासाठी हाक मारली.

"दोन मिनिटं हं," ती म्हणाली.

तो किटली घेऊन आला. "याला पाजतेस ना आधी? घे, मीच पाजतो." आणि त्याने खळखळ उकळतं पाणी माझ्या कुंडीत ओतलं.

मित्रांनो, झाडाला ओरडायला तोंड नसतं. माझी अर्धी मुळं तिथल्या तिथे शिजली. मयूराने किटली धरायला हात घातला, तेव्हा उरलेलं पाणी तिच्या मनगटावर सांडलं. ती ओरडली. त्याने तिला ढकललं. ती माझ्यावर पडली आणि आम्ही दोघं जमिनीवर आदळलो. कुंडीचे तुकडे झाले. एका तुकड्याने तिची भुवई फाटली. खाली पडलेल्या तिला तो लाथा मारत होता आणि इरावती कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसली होती. माझी माती लाल झाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

कुमारने केस सारखे केले आणि दार अर्धंच उघडलं. बाहेर शेजारच्या घरातल्या मीनाक्षीकाकू होत्या. कराडच्या निवृत्त शाळामास्तरीण. मुलाकडे, विश्रामकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकल्या. तोंडाला मास्क, हातात निळी प्लास्टिकची बादली.

"कुंडी फुटल्याचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, झाड ठेवायला बादली द्यावी."

"नो वरीज, काकू. वाऱ्याने पडली. द्या इकडे."

"मयूराच्याच हातात देईन."

"ती अंघोळीला गेलीये."

"मग थांबते की."

कुमारचा आवाज बदलला. "काकू, हे आमच्या घरातलं आहे."

"असेल. मी बाहेरच उभी आहे."

त्याने दार लोटलं. त्यांनी बादली मध्ये घातली. दार बादलीवर आपटलं, पुन्हा आपटलं, तिला चीर गेली, पण काकूंनी बादलीची कडी सोडली नाही. "मयूरा!" त्यांनी शाळेत घालायच्या तशी हाक घातली. "पोलीस येतायत! लेकीला घेऊन पुढे ये!"

त्या खरंच फोन करून आल्या होत्या. ट्रिपल झिरोला, तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. "लेडी. चाइल्ड. बीटिंग. कम फास्ट," एवढंच त्या तीनदा म्हणाल्या, आणि रस्त्याचं नाव व आमच्या घराचा नंबर सांगितला.

मयूरा उठली. टेबलाखालून इरावतीला ओढून तिने उचललं आणि रक्ताळलेल्या तोंडाने कुमारच्या बाजूने दाराकडे गेली. त्याने तिच्या केसांना हात घातला. मूठभर केस त्याच्या हातात राहिले, पण ती थांबली नाही. काही मिनिटांत पोलीस आले.

त्यांच्यातली एक बाई मयूराला हळू म्हणाली की जीव वाचवायला घर सोडण्यावर कुठलीच बंदी नाही, कधीच नव्हती. ते ऐकून मयूरा फुटपाथवर बसली आणि मोठ्याने रडली.

कोर्टाने कुमारला त्या दोघींजवळ फिरकायला मनाई केली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. मला मात्र मीनाक्षीकाकूंनी नेलं. त्यांनी माझी काळी, बुळबुळीत झालेली मुळं कात्रीने कापून टाकली, वरची निम्मी फांदी छाटली आणि त्या चिरलेल्या बादलीत कोरड्या मातीत मला लावलं. महिनाभर मी नुसता दांडा होतो.

नोव्हेंबरात लोकांकडे जाण्यायेण्याची मुभा मिळाली, तेव्हा काकू मला घेऊन मयूराच्या नव्या, दोन खोल्यांच्या घरी आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं भारतात जायचं विमान होतं. मयूराने चहा ठेवला. काकूंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"मला जुलैपासून ऐकू येत होतं गं," त्या म्हणाल्या. "विश्राम म्हणायचा, आई, इथे कुणाच्या घरात नाक खुपसत नाहीत. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. दीड महिना वाढवला."

मयूराने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, कुणाला ऐकूच जात नाही."

काकूंनी मान खाली घातली. मयूराने त्यांचा हात धरला, पण "जाऊ दे" म्हणाली नाही. तेच बरं झालं, असं मला वाटतं.

मित्रांनो, घरात झाड असेल तर त्याची माती बोटाने तपासा, पानं पुसा, त्याला उजेड द्या. एवढं त्याला पुरतं. पण भिंतीपलीकडून कुणाचं ओरडणं ऐकू आलं, तर एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि ते ओरडणं तुमच्याच घरातलं असेल, तर तुमची काहीही चूक नाही, आणि तुम्हीही सांगू शकता. फक्त टीव्हीचा आवाज वाढवू नका.