गिअरचा दात धरून बसलेला नट

मी नट बोलतोय. मोटारसायकलच्या इंजिनाच्या अगदी तळाशी, जुनं ऑईल काढायच्या भोकात घट्ट पिळून बसवलेला नट. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, त्याचा मला राग नाही. मला पाहायचं तर गाडीखाली उताणं झोपावं लागतं, आणि कपडे खराब करून घ्यायची हौस कोणाला असते? माझं डोकं तेवढं बाहेर, रस्त्यावरचा चिखल खात असतं. बाकी सगळा मी आत, काळ्या गरम तेलात बुडालेला. वर पिस्टन धडधडतो, गिअर गरगर फिरतात, सगळ्यांची चंगळ चाललेली असते. मी मात्र जागचं हलायचंसुद्धा नाही. हललो की तेल गळालंच.

साधा नट असतो तर निदान निवांत पडून राहिलो असतो. पण कारखान्यात माझ्या टोकाला लोहचुंबक बसवला आणि माझ्या जिवाला घोर लावून दिला. इंजिनात लोखंड लोखंडावर घासतं, त्याचा बारीक कीस तेलात उतरतो. तो मी ओढायचा आणि धरून ठेवायचा. ऑईल बदलताना कोणी मला बाहेर काढून पुसेल तेव्हाच हात मोकळे. स्वतःहून काही सोडणं मला जन्मात जमलेलं नाही.

बऱ्हाणपूरला मला आणलं तृप्तीने. तृप्ती म्हणजे सिंधीपुऱ्यातल्या लीलाधर अप्पांची मुलगी, डोईफोडियाच्या बाजूला एका शाळेत शिकवते. बसच्या वेळा शाळेशी जुळेनात, तेव्हा अप्पांनी आपली जुनी मोटारसायकल तिच्या हवाली केली. गल्लीतल्या चार जणांनी नाकं मुरडली. अप्पांनी कोणाला भीक घातली नाही. उलट रोज सकाळी स्वतः गाडी बाहेर काढायचे, किक मारून इंजिन गरम करून द्यायचे आणि ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभे राहायचे.

तृप्तीने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि मला मागवून घेतलं. अप्पांनी मला चिमटीत धरून इकडून तिकडून न्याहाळलं.

"नटाला चुंबक कशाला गं बेटा? पळून जाणार आहे का तो?"

"अप्पा, इंजिनात काही बिघडलं ना, तर हा आधीच सांगतो."

"बोलतो का मग?" अप्पा हसले.

तेव्हा मला हे बोलणं लागलं होतं. लालबागच्या पंडित मिस्त्रीने मला पान्याने आवळलं, वरून ताजं तेल आलं आणि उजेड संपला.

माझे पहिले दिवस बरे गेले. पण पुढचं ऑईल बदलायची वेळ आली आणि माझं घोडं अडलं ते शनिवारापाशी. सोमवार ते शुक्रवार तृप्ती घरी पोचायची तोवर पंडितचं दुकान बंद झालेलं असायचं. रविवारी पंडित गावाकडे केळीच्या बागेत. उरला शनिवार, अर्ध्या दिवसाच्या शाळेचा. आणि शनिवारी तेल विकत आणायचं नाही, नवा डबा फोडायचाही नाही, हा अप्पांच्या घरातला वाडवडिलांपासूनचा नेम. शनिवारी आणलेलं तेल शनीची वक्रदृष्टी घेऊन घरात येतं म्हणे. खोबरेल नाही, शेंगदाण्याचं नाही, आणि इंजिनाचंही नाही.

"अप्पा, हे काय भजी तळायचं तेल आहे?" तृप्ती वैतागून विचारायची.

"तेल ते तेल. शनिमहाराज काय डबा वाचून बघतात?"

गंमत बघा, त्याच शनिवारी अप्पा न चुकता गाडीच्या हँडलला ताजं लिंबू-मिरची बांधायचे. मुलीवर जीव होता हो त्यांचा, त्यात खोट काढायला जागा नाही. पण वर लिंबू बदलत होतं आणि खाली तेल तेच राहत होतं. ते काळं झालं, पातळ झालं. माझ्या टोकावर किसाचा थरावर थर चढला, आणि मी त्या लेपाखाली गुदमरायला लागलो.

अशातच एका सकाळी खकनारच्या अलीकडे तृप्तीने दुसरा गिअर टाकला आणि वर 'कट्' असा आवाज झाला. क्षणभराने तेलातून एक तुकडा खाली आला. गिअरच्या दाताचं टोक होतं ते. ज्वारीच्या दाण्याएवढं, धारदार. मी जीव खाऊन त्याला ओढलं. आला, चिकटला. पण माझ्या अंगाला नाही. मधे तो लेप होता, त्याच्यावर चिकटला. माझी निम्मीच ताकद त्याच्यापर्यंत पोचत होती.

तुम्हाला काय वाटतं, एवढासा तुकडा काय करील? सांगतो. मी बुडालेलो असतो त्याच तेलात वर गिअर फिरतात. तो तुकडा माझ्या हातून सुटून दोन गिअरांच्या मधे सापडला की गिअर जागच्या जागी अडकतात आणि मागचं चाक एकदम जाम होतं. खकनारच्या पुढे उताराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना साग, समोरून केळीने भरलेले ट्रक. अशा उतारावर भर वेगात चाक अडकलं तर गाडीवरच्या माणसाचं काय होतं, ते मला बोलवत नाही.

मग माझं रोजचं मरण सुरू झालं. गाडी खड्ड्यात आदळली की तुकडा लेपावरून थोडा घसरायचा. मी त्याला खेचून धरायचो. तेल तापलं की लेप पातळ व्हायचा, तो आणखी घसरायचा. ओरडायला मला तोंड नव्हतं. गाडीतून उडी मारून वाट अडवावी म्हटलं, तर मी सहा बाजूंनी आवळलेला. वरून मला तृप्तीचा आवाज ऐकू यायचा. चढावर ती मुलांना शिकवायची कविता गुणगुणायची. मला तिचा रागही येई आणि रडूही येई.

गाडी आवाज करते, हे तिच्या लक्षात आलं होतं. अप्पा म्हणाले, "जुनी झाली बेटा, कुरकुर करणारच. माझे गुडघे नाही का करत?"

एका शनिवारी शाळेतून येताना दुसरा गिअर आपोआप सुटला आणि गाडीने असा हिसका दिला की तृप्ती पडता पडता वाचली. मी तो तुकडा कसा धरून ठेवला, माझं मला माहीत. ती घरी गेलीच नाही. गाडी थेट लालबागला पंडितच्या दुकानापुढे आणून उभी केली.

"पंडितभाऊ, ऑईल बदला."

पंडित कान खाजवत म्हणाला, "दीदी, आज शनिवार. अप्पांनी पहलेच सांगून ठेवलंय, शनिवारी माझ्या गाडीत तेल नाही म्हणजे नाही. मी त्यांना फोन लावतो."

अप्पा रिक्षाने आले. बाप-लेकीची रस्त्यातच जुंपली. शेवटी तृप्तीचा आवाज खाली आला, आणि तो असा खाली आला की अप्पांना समजतं, आता ही ऐकायची नाही.

"बरं अप्पा. नवं तेल आणू नका. पण जुनं काढायला तर मनाई नाही ना?"

वाडवडिलांनी याचा काही विचार केलेला नव्हता.

"काढायला… काढायला काही हरकत नसावी," ते म्हणाले.

पाना माझ्या डोक्यावर बसला. एक आटा, दुसरा आटा, आणि मी उजेडात! काळं तेल भसाभसा परातीत पडलं. पंडितने मला अप्पांच्या हातात दिलं. अप्पांना स्वच्छतेची भारी आवड. त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, माझ्या टोकावर आणलं. इतक्या दिवसांचा माझा निरोप ते न वाचताच पुसणार होते!

"थांबा अप्पा! पुसू नका." तृप्तीने मला त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. अंगठ्याने लेप बाजूला केला. "आई गं!" तिच्या बोटाला टोचलं. रक्ताचा थेंब आला, आणि त्याच्याशेजारी तो तुकडा चमकला.

पंडितने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "अप्पा, हा गिअरचा दात. यह बीच में आ जाता ना… दीदी, त्या उतारावर तर सीधी…"

अप्पांनी तुकडा ओढून काढायचा प्रयत्न केला. मी सवयीने सोडेना. मग नख घालून त्यांनी तो उपटला, तळहातावर घेतला आणि पंडितच्या बाकावर खाली बसले. तृप्ती म्हणाली, "अप्पा, काही झालं नाही ना मला." अप्पांनी तो तुकडा फडक्यात बांधून खिशात टाकला.

इंजिन उघडावं लागलं. आठवडाभर तृप्ती जीपमध्ये दाटीवाटीने बसून शाळेला गेली आणि मी दुकानातल्या पत्र्याच्या ताटात पडून होतो. मोकळा, उजेडात! हेच तर हवं होतं मला. पण बघता बघता ताटातले खिळे आणि वायसर मला येऊन बिलगले आणि मी त्यांनाही धरून बसलो. बाहेर काय, आत काय, माझा स्वभाव कुठे जाणार?

पुढच्या शनिवारी नवा गिअर बसला. पंडित म्हणाला, "अप्पा, गाडी रेडी आहे. तेल परवा टाकू, आज तर…"

पंडित मागे वळून पाहतो तर अप्पा उभे, काखेत इंजिन ऑईलचा नवा डबा. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः घेऊन आले होते.

"टाक," ते म्हणाले. "अप्पा, शनिवार!" तृप्तीच कळवळली. अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, "साडेसाती लागायची तर मला लागेल बेटा. डबा मी आणलाय, तू नाही."

मला भोकात घालून पंडितने आवळायला घेतलं. तेव्हा मी पहिल्यांदा आपण होऊन आत गेलो. पुन्हा तोच अंधार, तीच कोंडी, हे ठाऊक असूनही.

आज मी तिथेच आहे. आतून सुटावंसं मला अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही मला सोडवू नका. एवढंच करा, तुमच्या गाडीखाली माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला वेळेवर बाहेर काढा आणि पुसायच्या आधी एकदा बघा. तो आतून काहीतरी धरून बसलेला असेल.

बरंय, निघतो. अप्पांनी किक मारली आहे, इंजिन गरम होतंय. तृप्ती हेल्मेटचा पट्टा लावतेय. उतार यायला अजून वेळ आहे, पण मी आत्तापासूनच घट्ट बसलोय.