रामभाऊंनी कालवलेला समुद्र

आमचं मालक, रामभाऊ, एक नंबरचं हट्टी. एकदा न्हाय म्हणलं की न्हायच.

त्या साली, शहाण्णवला, आमची तेजश्री गोव्यात समुद्राचं शिकत व्हती. लक्षद्वीपला पवळ्याच्या खडकांपाशी समुद्राच्या तळाचा गाळ काढायला बोट जाणार व्हती, महिनाभर. पोरीला त्या बोटीवर जायाचं व्हतं. हे म्हणालं, "चिखल बघाय एवढं लांब कशाला? आपल्या सणसरात कमी हाय व्हय? जायाचं न्हाय!"

पोरगीबी ह्यांचीच. सुट्टीला आली ती हातभर लांब, उभी चिरलेली नळीच घिऊन. नळीत गाळ. "आबा, वरचा गाळ आत्ताचा, खालचा हजारो वर्सांमागचा. ह्यातल्या बारक्या शिंपल्यांवरनं कळतं, तवा समुद्र किती गरम व्हता, पाऊस कसा व्हता." ह्यांनी निस्तं हूं केलं. नळी तिनं फ्रिजमधी ठिवली, दुधाच्या पातेल्याशेजारी.

दुसऱ्या दिवशी आमी मायलेकी बारामतीला बाजाराला गेलो. परत येऊन बघतो तर हे ओसरीवर, म्होरं घमेलं, हात कोपरापातूर गाळात! आन तोंडावर ही खुशी!

"ये तेजा! तुझा नमुना तयार केला बघ. उसाची माती तपासायला देतो ना, अगदी तसा. सगळा एकजीव कालवला, चार वाटं केलं, समोरासमोरचं दोन टाकून दिलं. ऱ्हायलेला सावलीत वाळत घातलाय. तुझं साहेब नावं ठिवायचं न्हायती!"

तेजश्रीनं घमेलं जवळ ओढलं. "आबा, वरचं वर आन खालचं खाली ऱ्हायलं तरच त्याला किंमत व्हती वो!" आन रडायलाच लागली.

माझं डोस्कं फिरलं. "आवो, कुणी सांगितलं व्हतं शाणपण? आता आणा परत तळातनं! जाता बोटीवर? उजनीच्या नावंत बसला तरी भोवळ येती तुमाला!"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. हाताचा गाळ निपटून परत घमेल्यात टाकाय लागलं. मला रागबी आला आन कीवबी.

"जा बाई तूच," शेवटी म्हणालं. "पर स्वेटर घे."

एस्टीत बसताना पोरगी माझ्या कानाशी लागली. "आई, ती नळी उभी चिरून दोन भाग करत्यात. दुसरा भाग गोव्यात जपून ठिवलाय."

"आगं भवाने! मग रडलीस कशाला?"

"जायाचं न्हाय म्हणणाऱ्या आबांनी एवढ्या मायेनं कालवलं, ते बघून."

माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं. पर म्हणलं, "बोट सुटंपातूर ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाय. गप बस."