गुरुलिंग सर आणि मंडळी

मी एक जुना बाक आहे. लातूरच्या एका लहानशा चर्चमध्ये, दाराजवळ, सगळ्यांत मागे माझी जागा. मित्रांनो, सध्या माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

भूकंपात पडलेल्या एका माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, तुळईतून सुताराने मला घडवलं. रंधा मारल्यावर सगळ्यांनी हात फिरवून वाहवा केली. पण लाकूड कुठलं ते कळलं आणि माझ्यावर कोणी बसेना. "भूकंपाचं लाकूड हाय, नगं," म्हणत लोक पुढे सरकायचे. अंधश्रद्धा सोडा, हा उपदेश हीच माणसं भिंतीला टेकून उभ्याने ऐकत आणि मी रिकामाच.

मग गुरुलिंग सर आले. शहरात तेव्हा शिकवणी वर्गांचं पीक आलं होतं. त्यातल्याच एका वर्गात ते भौतिकशास्त्र शिकवत. भूकंपात त्यांचे आईवडील माळवदाखाली गेले. सरांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलं आणि देवाचं नाव टाकलं. शेजारच्या एस्तेरबाईंनी एका रविवारी चहाच्या निमित्ताने त्यांना इथे आणलं. ते सरळ माझ्यावर बसले. कोणीतरी लगेच लाकडाची हकिकत कानात सांगितली. सर माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, "धरणी हालली. लाकडानं काय केलं?" त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढे ते दर रविवारी येऊ लागले. गीतं ऐकत, पण प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसत. काहींना ते खटकायचं. एस्तेरबाई म्हणाल्या, "समद्यांनी डोळे मिटल्यावर चपला कोण बघंल? कुत्रं पळवतंय. सर हायत म्हणून बरं हाय."

"हाव मावशी," सर हसून म्हणाले. "देवाचं मला काही पटत न्हाई. पण अख्ख्या लातुरात 'जेवलात का' म्हणून इचारणारं माणूस हितंच भेटतं."

एका रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, "उपासनेनंतर मंडळीने थांबावे." चर्चमध्ये मंडळी म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले सभासद. सरांच्या गावात मंडळी म्हणजे जमलेली सगळी माणसं. सर थांबले. एस्तेरबाई तेव्हा दवाखान्यात होत्या आणि त्यांच्याजवळ बसण्याच्या पाळ्या ठरवायच्या होत्या.

"बुधवारी मी बसतो," सर म्हणाले.

चर्चचे कारभारी याकोबराव खाकरले. "सर, ही मंडळीची सभा हाय. तुमी मंडळीत न्हाई."

"मला वाटलं, समदेच," म्हणत सर उठले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. पाळकसाहेब पाळ्यांची यादी लिहू लागले. माझा नुसता जळफळाट झाला.

बुधवारी सर दवाखान्यात गेलेच, पण चर्चला येणं त्यांनी बंद केलं. मंडळीतल्या निम्म्यांना मात्र आपली पाळी आठवली नाही. बऱ्या होऊन आलेल्या एस्तेरबाईंनी याकोबरावांना सगळ्यांसमोर विचारलं, "मला तहान लागली तवा मंडळी कुठं होती? पाणी सरांनी पाजलं. आता मी बोलवून थकले. ते म्हणतेत, ज्यांनी उठवलं त्यांनी बोलवावं. जावा, घेऊन या त्यास्नी."

"चुकलंच," याकोबराव म्हणाले. आणि केलं काय? सरांसाठी प्रार्थना ठेवली. आता दर रविवारी सगळे भक्तिभावाने विनवतात, 'प्रभू, गुरुलिंग सरांना परत आण.' सरांची खोली मागच्याच गल्लीत आहे. तिकडे आजवर एकही जण गेलेला नाही.

आता मला पॉलिश करायचं चाललंय. बसणारा माणूसच नाही, मग कशाला? मित्रांनो, तुमच्यातूनही असं कोणी उठून गेलं असेल, तर त्याच्या नावाने नुसते हात जोडून बसू नका. मला चार पाय असून जागचं हलता येत नाही. तुम्हाला येतं. आजच जा.