बोललेला कोंबडा

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, "मास्तर, रोज सकाळी अर्धा तास पाखरं बघत बसा. रक्तदाब उतरेल." डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना पाखरं लांबून दिसतात.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरामागच्या परसात मी मातीची परात ठेवली. तीत पोह्यांच्या गिरणीतला चुरा, शेजारी पाण्याचं वाडगं. मी खिडकीत, वही घेऊन.

सोमवारी साळुंक्यांनी एका चिमणीला टोचून टोचून वाडग्यात बुडवलं. बुधवारी शिक्र्याने बुलबुल उचलला आणि पेरूवर बसून जिवंतच सोलला. पिसं चुऱ्यात पडली. गुरुवारी भारद्वाज दिसला. भारद्वाज दिसणं शुभ असतं. त्याच्या चोचीत पालीचं धड होतं, शेपूट खाली वळवळत होतं. मी सगळं वेळेसकट लिहिलं. रक्तदाब एकशे सत्तर.

हाकलायला हरकत नव्हती, पण माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकात नियम होता : निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये. शाळेत हेडमास्तरांच्या बाबतीत मी पंधरा वर्षं हाच नियम पाळत आलो होतो, त्यामुळे जड गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून शेजारच्या धोंडुबाईचा लाल कोंबडा कुंपणावरून यायला लागला. आल्या आल्या त्याने एका कावळ्याचा पंख मोडला. मग परात त्याची.

हा कोंबडा नवसाला बोललेला होता. धोंडुबाईचा मुलगा पोपट रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता. तिथे वाफेने त्याचा उजवा हात भाजला. रोह्याच्या दवाखान्यात तो पडलेला असताना धोंडुबाईने वेशीवरच्या देवाला हा कोंबडा बोलला. हात बरा झाला, दोन बोटं मात्र चिकटली ती चिकटलीच. सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर हो, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असा कंपनीचा निरोप होता. आणि देवाचं दिल्याशिवाय पोराला बसमध्ये चढू देणार नाही, असं धोंडुबाईचं म्हणणं. देणं रविवारी ठरलं. कोंबडा अंगानं धड पाहिजे, एवढीच अट.

"खाऊं द्या, मास्तर," ती म्हणायची. "तुमच्या चुऱ्यावर देव जेवंल."

शुक्रवारी मुंगूस आलं.

त्याने कोंबड्याची मान धरली. कोंबड्याने नख्या त्याच्या पोटात घातल्या. दोघं परातीसकट उलटले. वाडगं फुटलं, चुरा लाल झाला. मी लिहीत होतो. शेवटी माझी बायको नमिता खराटा घेऊन धावली, तेव्हा मुंगूस सुटलं. कोंबडा उभा राहिला. त्याचा एक डोळा जागेवर नव्हता.

धोंडुबाई कुंपणाशी आली. कोंबडा काखेत घेतला, त्याची मान इकडून तिकडून वळवून पाहिली.

"मास्तर, तुमी बगत व्हतात?"

"हो."

"किती वेल?"

नमिताने वही उघडली. "सहा बेचाळीस ते सहा सत्तेचाळीस."

"पाच मिन्टं!" धोंडुबाई मटकन बसली. "आता कसा देव घेल गो वैनी? आन् बोललेला बदलता पन येत नाय."

पोपट दारात उभा राहून ऐकत होता. त्याने उजवा हात वर केला. "आये, कंपनीनं मला दोन बोटं चिकटल्याली असून घेतला. देव काय कंपनीपरीस कडक हाय?"

धोंडुबाईने त्या हाताकडे पाहिलं, मग कोंबड्याकडे. "देवाला मी सांगन," ती उठली. "पन कोंबडा मास्तर धरतील. वही घरात ठेवायची."

रविवारी मी वेशीवर कोंबड्याचे पाय धरले. उरलेल्या डोळ्याने तो माझ्याकडेच बघत होता, हस्तक्षेप न करता. कोयता पडला. धड इतक्या जोरात उसळलं की रक्त माझ्या चष्म्यावर, शर्टावर, दातांवर. "सोडू नका!" धोंडुबाई ओरडली. नाही सोडले. पाय थांबेपर्यंत मला मोजून पाच मिनिटं वाटली. पोपट म्हणाला, एकसुद्धा नव्हतं.

सोमवारी पहाटे तो रोह्याच्या एस.टी.त बसला. धोंडुबाई हात हलवून आली आणि थेट चुलीकडे गेली.

मी नव्या परातीत चुरा घातला. पहिलं कोण आलं? मुंगूस. पोटावर तीन ओरखडे, बाकी तब्येत छान.

मी वहीकडे हात नेला. मग नमिताला विचारलं, "खराटा कुठे ठेवलायस?"