तीन गावांच्या शाळेला मी दगड वाहिले

मी एक जुनी ट्रॉली आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडतात ती, चार चाकांची, लोखंडी हौद्याची. मला स्वतःचं इंजिन नाही. ट्रॅक्टर नेईल तिकडे जायचं, एवढंच मला ठाऊक. पण मित्रांनो, मागून जाणाऱ्यालाही रस्त्यावरचं बरंच काही दिसतं. त्यातलं एक तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म हिवरमाळच्या फाट्यावर झाला. तिथे सलाउद्दीनभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मला तेरा दिवसांत बनवलं. ते तेव्हा तरुण होते, आणि संपूर्ण ट्रॉली एकट्याने बनवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझा प्रत्येक सांधा दोनदा जोडला, मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात दोन कणसं काढली आणि मला गावातल्या वाल्मीकच्या हवाली केलं. वाल्मीक म्हणजे कांदा पिकवणारा, कमी बोलणारा माणूस. माझ्याभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "भाई, काम लय चोख हे." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं राबले.

माझं काम कांदा विंचूरच्या बाजारात न्यायचं. हिवाळ्यात लाल कांदा, पावसाळ्यात चाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर शेडमध्ये, साठवलेला. लिलावाच्या वेळी व्यापारी माझ्या हौद्यात हात घालून कांदा वर काढत आणि कोणी म्हणे, "माल चांगला हे." मला वाटायचं, आपलंच कौतुक चाललं आहे. शेणखत, द्राक्षबागेचे खांब, लग्नाची भांडी, सगळं मी वाहिलं. शिवारात माझ्याइतकी भरवशाची ट्रॉली नाही, असं लोक म्हणत.

आमच्या भागात तीन लहान गावं जवळजवळ आहेत. हिवरमाळ, शेवगेवाडी आणि पिंपळदरा. तिन्ही गावांत शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर अकरा किलोमीटरवर विंचूरला जायचं. एसटी सकाळी एक, तीही शाळा भरल्यावर पोचणारी. मुलगे सायकली मारत जात. सलाउद्दीनभाईंचा उमर तसाच गेला आणि दहावी झाला. मुलींचं मात्र सातवी झाली की वह्या बंद.

वाल्मीकची उज्वला आणि सलाउद्दीनभाईंची धाकटी अफरीन एका वर्गात होत्या. दोघी हुशार. सातवीनंतर उज्वलाने बापाकडे हट्ट धरला. वाल्मीक म्हणाला, "बाजाराच्या दिवशी मी विंचूरला जातोच. ट्रॉलीत बसा. बाकीच्या दिवशी कोणाच्या तरी जीपचं बघू." अशी त्या दोघींची आठवी सुरू झाली. हळूहळू आणखी चार मुली येऊ लागल्या. कांद्याच्या गोण्यांवर बसून त्या पाढे म्हणत, कविता म्हणत. ट्रॉली माणसं न्यायला नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसरा मार्ग कोणाला सुचत नव्हता, आणि खरं सांगू, मलाही ते ओझं आवडायचं.

ऑगस्टमध्ये व्हायचं ते झालं. ट्रॅक्टरला मला जोडणारी पिन झिजली होती. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. कोणीतरी वाकून पाहावं लागतं, आणि कांद्याच्या धांदलीत तेवढी सवड कोणाला झाली नाही. कालव्याच्या चढावर पिन तुटली. ट्रॅक्टर पुढे गेला आणि मी मागे घसरू लागले. मुली किंचाळल्या. मला थांबायचं होतं, पण मला ब्रेक कुठला? रस्त्याकडेच्या बाभळीवर मी आदळले तेव्हा थांबले.

अफरीनच्या कपाळाला चार टाके पडले. उज्वलाचा डावा हात कोपरात मोडला. बाकीच्या मुली खरचटण्यावर निभावल्या. वाल्मीकने लेकीला उचलून घेतलं.

त्यानंतर सहाही मुलींची शाळा सुटली. अफरीनची दादी खातूनबी म्हणाल्या, "माझी पोरगी जिवंत परत आली, तेवढं पुरे. आता ती कुठंबी जायची नाय." वाल्मीकने मला चाळीच्या मागे ढकललं आणि कांदा न्यायला दुसऱ्याची ट्रॉली भाड्याने आणू लागला. माझ्याकडे पाहणंही त्याला नको वाटे. पावसाचं पाणी माझ्या हौद्यात साचलं, पत्रा गंजला, फाळक्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला त्याचा राग आला नाही. माझीच मला भीती वाटत होती.

दिवाळी झाली आणि एका दुपारी दोन मुली चाळीमागे आल्या. उज्वलाच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून सरळ होत नव्हता. अफरीनने केरसुणीने माझा हौदा झाडला, पोतं अंथरलं आणि दोघी आठवीची पुस्तकं घेऊन बसल्या. मग रोज दुपारी येऊ लागल्या. उज्वला मोठ्याने वाची, अफरीन लिही. इतिहास झाला, मराठी झालं. गणिताशी मात्र गाडी अडली.

अफरीनला हाक मारायला खातूनबी रोज येत. एक दिवस त्या आल्या, तर दोघी वहीकडे बघत बसलेल्या.

"काय झालं गं?"

"दादी, हे समीकरण सुटत नाय," अफरीन म्हणाली.

"मग इचार की कोनाला."

"कोणाला विचारू? गावात कोणाला येत नाय. उमरभाई नाशिकला कामाला हे."

खातूनबी माझ्या चाकाजवळ खाली बसल्या. त्यांनी वही हातात घेतली, उलटी की सुलटी तेही त्यांना कळत नव्हतं. पानभर खाडाखोड होती. एकच गणित त्या दोघींनी नऊ वेळा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाल्मीकच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "वाल्मीक, पोरगी मी इंचूरला पाठवनार नाय. पन शाळा हितं जवळ झाली, तर मी सोता हात धरून नेऊन बसवीन. तू आन् सलाउद्दीन काय करता ते करा."

वाल्मीक आणि सलाउद्दीनभाई नाशिकला सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की एका गावात पुरेशी मुलं नाहीत, त्यामुळे एका गावासाठी हायस्कूल मिळणार नाही. तिन्ही गावं एकत्र आली, जागा आणि खोल्या गावकऱ्यांनी दिल्या, तर प्रस्ताव पुढे जाईल आणि शिक्षक मिळतील.

तीन गावं एकत्र येणं हे खोल्या बांधण्यापेक्षा अवघड होतं. हिवरमाळ आणि शेवगेवाडीत पाटाच्या पाण्यावरून वीस वर्षं बोलणं धड नव्हतं. तरी वाल्मीक घरोघर फिरला आणि जानेवारीत तिन्ही गावांच्या मधल्या माळावर सभा ठरली. व्यासपीठ म्हणून कोणाची तरी ट्रॉली हवी होती. वाल्मीक चाळीमागे आला. माझ्या हुकापाशी वाकला आणि सलाउद्दीनभाईंना म्हणाला, "भाई, हिची पिन बदलून दे. सगळंच तपासून दे." भाईंनी नवी जाड पिन बसवली, वर साखळीही लावली आणि दोन दिवस माझं अंग अंग ठोकून पाहिलं.

सभेला तीनशे माणसं आली. मुद्दाम बोलावलेल्या इंजिनिअरने चार खोल्यांचा खर्च सांगितला. बत्तीस लाख.

शेवगेवाडीचा सरपंच दीपक उठला. पस्तिशीचा, हिशेबी माणूस. म्हणाला, "आमच्या गावाची तेवढी ऐपत नाय. उगाच हो म्हणायचं आन् मग तोंड लपवायचं, हे मला जमणार नाय."

वाल्मीक म्हणाला, "कोणत्याच गावाची नाय, सरपंच. म्हणून तर तिघं बसलोय."

"आन् शाळा कोणाच्या शिवारात? ज्याच्या शिवारात, त्यानं बांधावी."

आवाज चढू लागले. पाटाच्या पाण्याची जुनी भांडणं वर आली. सभा मोडणार असं दिसत होतं, तेवढ्यात अफरीन आणि उज्वला माझ्या हौद्यात चढल्या. अफरीनच्या हातात वही होती. गेले आठ दिवस दोघी तिन्ही गावांतून या माळापर्यंत पावलं मोजत चालल्या होत्या.

"हिवरमाळच्या शाळेपासून तीन हजार दोनशे," अफरीनने वाचलं. "पिंपळदऱ्यापासून दोन हजार नऊशे. शेवगेवाडीपासून तीन हजार सातशे."

"बघा," दीपक म्हणाला. "आमच्याच पोरांनी जास्त चालायचं."

"व्हय काका, हिवरमाळपेक्षा पाचशे पावलं जास्त," उज्वला म्हणाली. "विंचूरची पण मोजणार होतो. पण दादी कालव्याच्या पुढं जाऊ देत नाय."

लोक हसले. दीपकही हसला. हसता हसता त्याची नजर उज्वलाच्या वाकड्या हातावर गेली आणि तो खाली बसला.

मग पिंपळदऱ्याच्या सिंधुबाई उठल्या. साठीच्या, नवरा गेल्यावर एकटीने शेती केलेल्या. "हा माळ माझा हे," त्या म्हणाल्या. "दोन एकर. कांदा येत नाय, बाजरी येत नाय. शाळा येते का बघा. माझं नाव नका देऊ शाळेला. फक्त पोरींचा संडास आधी बांधा, मग खोल्या."

त्या दिवशी तिन्ही गावांनी हात वर केले. हिवरमाळने दगड आणि वाहतूक द्यायची, पिंपळदऱ्याने जागा आणि विहिरीचं पाणी, शेवगेवाडीत गवंडी जास्त, त्यांनी अर्ध्या मजुरीवर बांधकाम करायचं. बाकी ज्याला जमेल तसं.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात जड आणि सगळ्यात चांगले. खाणीतून दगड, नदीकाठून वाळू, विंचूरहून सिमेंट. मोजणाऱ्यांनी माझ्या दोनशेच्या वर खेपा मोजल्या. आधी संडास उभे राहिले, सिंधुबाईंनी सांगितलं तसे. मग पाया, मग भिंती. खिडक्यांच्या गजांची कामं सलाउद्दीनभाईंनी फुकट केली.

पण भिंती खिडकीच्या वर गेल्या आणि कांद्याचा भाव कोसळला. लोकवर्गणी थांबली. स्लॅबला लागणारं लोखंड कोणाला परवडेना. दोन महिने काम बंद राहिलं. अर्ध्या भिंतींत शेळ्या बसू लागल्या. चावडीवर कोणी म्हणे, "आपल्याला झेपणारं नव्हतंच ते." वाल्मीक त्या रस्त्याने जाईना. मी रिकामी उभी राहिले आणि मला चाळीमागचे दिवस आठवू लागले.

एका सकाळी सिंधुबाई चालत हिवरमाळला आल्या. वाल्मीकच्या दारात उभं राहूनच म्हणाल्या, "स्लॅब कशाला पाहिजे? पत्रे टाका. आपल्या कांद्याच्या चाळी पत्र्याच्याच हे ना? त्यात कांदा सहा महिने टिकतो. पोरं सहा तास बसतील. स्लॅब व्हईल पुढं, ऐपत आली की. आन् चार खोल्या नसतील व्हत तर तीन करा."

"मावशी, पत्र्यालाबी पैसे लागतात," वाल्मीक म्हणाला.

हे बोलणं फिरत फिरत शेवगेवाडीला पोचलं. दोन दिवसांनी दीपकचा फोन आला. त्याचं कोंबड्यांचं शेड तीन वर्षांपासून बंद होतं. "पत्रे चांगले हेत," तो म्हणाला. "तुमची ती ट्रॉली पाठवा. माझ्या ट्रॉलीला साखळी नाय."

ते पत्रे मी चार खेपांत आणले. गावातल्या बायकांनी ते घासून पुसून काढले. मुलांनी आतून पांढरा रंग दिला. सभेच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये तीन खोल्या, दोन संडास, पाण्याची एक टाकी आणि दारात मुरूम टाकलेलं अंगण, एवढी शाळा उभी राहिली. कुंपण नव्हतं. दोन शिक्षक आले, तिसरे यायचे होते. पण पटावर सत्त्याण्णव नावं होती आणि त्यांतली एक्कावन्न मुलींची.

पहिल्या दिवशी खातूनबी शब्दाला जागल्या. अफरीनचा हात धरून त्या सगळी वाट चालत आल्या. अफरीन आता पंधरा वर्षांची होती आणि बसायचं होतं पुन्हा आठवीत, तेरा वर्षांच्या मुलींमध्ये. फाटकाच्या जागी दोन दगड ठेवले होते, तिथे दादी थांबल्या.

"लाज वाटंल का गं तुला?"

"वाटंल दादी," अफरीन म्हणाली. "पण बसते."

उज्वला आधीच येऊन बसली होती. तिने शेजारची जागा दप्तर ठेवून धरली होती. मी टाकीसाठी पाइप घेऊन अंगणात उभी होते. वर्गात सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, आणि थोड्या वेळाने अफरीनचा आवाज आला, "सर, हे कसं सुटतं ते परत सांगता का?" सरांनी परत सांगितलं. बाहेर दगडावर टेकलेल्या खातूनबींनी पदराने तोंड पुसलं आणि त्या घरच्या वाटेला लागल्या.

आता मी म्हातारी झाले आहे. फाळक्यावरची कणसं पुसट झाली आहेत. वाल्मीक अजून मला सांभाळतो, दर रविवारी खाली वाकून पिन बघतो. मित्रांनो, तुमच्या गावातही असं काही ना काही असेल, शाळा, विहीर, वाचनालय, जे एकाचं नाही, सगळ्यांचं आहे. अशा गोष्टीचं एक दुखणं असतं. तिची काळजी दुसरा कोणीतरी घेईल, असं प्रत्येकाला वाटतं. तुम्ही तसं समजू नका. नळ गळताना दिसला तर तो तुम्हीच बंद करा. बाक हलायला लागला तर तुम्हीच सांगा. परवडत नाही म्हणून थांबलेल्या कामाला एक दगड तुम्हीही द्या.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मधल्या खोलीचा एक पत्रा गळू लागला. कोणी सांगण्याआधी शेवगेवाडीहून शिडी आली, हिवरमाळहून डांबर आलं, आणि पिंपळदऱ्याच्या दोन बायका खाली ठेवायला घमेली घेऊन आल्या. उज्वलाने आपल्या वाकड्या हाताने शिडी धरली आणि सरपंच दीपक वर चढला. अर्ध्या तासात गळती थांबली. पत्रा कोणी दिला होता आणि दुरुस्ती कोणत्या गावाने करायची, हे कोणीच विचारलं नाही.