शांत रस्त्यावरचे मांडे

आमच्या करवंदेवाडीचा रस्ता लय शांत हाय, असं नाशकातल्या शहाण्यांनी ठरवलं. आम्हाला कुणी इचारलं नाय. अहो, शांत नसंल तर काय असंल? दोन वर्षांमागं बस बंद झाली, तवापासून त्या रस्त्यानं शेळ्या जात्यात अन् आम्ही जातो.

पहिला आला तो गौरांग. श्रावणातली गोष्ट. अंगाला चिकटल्यालं कापड, डोक्यावर टोपलं, अन् सायकल अशी की एका हातानं उचलावी. ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्याला अन् म्हणला, "आजी, या रस्त्याला गाड्या किती येतात हो?"

मला वाटलं, चला, कुणी तरी गाऱ्हाणं ऐकणारा भेटला. मी सगळं सांगितलं. "एक बी नाय रे बाबा. बस बंद केली. जीप भरली तर सुटती, नायतर नाय. माझी नात वैष्णवी दहावीला शाळेत पहिली आली. घोटीच्या कॉलेजात सायन्सला घातली, तर हप्त्यातनं तीन दिवस पोचती. शेजारच्या सहादूची हर्षाली तर दमून घरीच बसली. आता माझा सोमनाथ म्हणतो, पोरगी अंधार पडंस्तोवर फाट्यावर उभी राहती, मला नाय जमायचं. दिवाळीनंतर तिचं बी नाव काढतो."

त्यानं सगळं ऐकलं अन् मांडीवर थाप मारली. "म्हणजे झिरो ट्रॅफिक! वा, आजी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाव्हणा दारात, काय बोलणार?

पुढं वैष्णवीनं मोबाइलवर दाखवलं. नाशकापासून समुद्रापर्यंतचे शांत रस्ते, अशी यादी काढलेली त्या गौरांगनं, अन् पहिला नंबर आमचा. पाच चांदण्या दिलेल्या. खाली लिवलेलं, 'एकट्या बाईलाही निर्धोक रस्ता. डोंगराच्या कुशीतलं, काळ विसरून गेलेलं गाव.' काळ कशाला विसरंल आम्हाला? डेपो विसरलाय.

मंग काय, दर रविवारी जत्रा. घाट उतरून यायचे, शांतता लय छान म्हणून एकमेकांच्या कानात वरडायचे, अन् फोटो काढायचे. आभा नावाची एक बाई व्हती. तिनं माझ्या शेणानं भरल्याल्या हाताचा फोटो काढला. तोंडाचा नाय, नुसता हाताचा. म्हणली, किती ऑथेंटिक. वैष्णवीला अर्थ इचारला तर पोरगी नुसती हसली.

इकडं वैष्णवीनं डेपोला तीन अर्ज केले व्हते, स्वतःच्या अक्षरात. दिवाळी झाल्यावर उत्तर आलं. हप्ताभर बस सोडून बघू, माणसं बसली तर चालू ठेवू. अन् हप्ता कोणता धरला? भातकापणीचा! आख्खी वाडी इळा घेऊन वावरात. ऐन सुगीत बशीत बसून हिंडायला कोण रिकामं हाय? रोज सात-आठ माणसं जायची. दीपक म्हणून कंडक्टर, भला पोरगा, शनिवारी मला म्हणला, "आजी, उद्या शेवटचा दिवस. दुपारी दोनच्या गाडीला साहेब स्वतः येणारेत. पंचवीस माणसं दिसली नाहीत तर संपलं."

वैष्णवी त्या राती जेवली नाय. दप्तर खुंटीला टांगलं अन् म्हणली, "आजी, उद्यापासून मी बी कापायला येते." सोमनाथ खाली मान घालून भात कालवत बसला.

तेवढ्यात गौरांगचा फोन आला. "आजी, उद्या आम्ही तीस जण येतोय. जेवायचं जमंल? पण लाइट हं, एकदम हलकं. जेवून लगेच घाट चढायचाय."

मी म्हणलं, "या की. हलकंच करते."

फोन ठेवला अन् जावेला, विमलाबाईला हाक मारली. "खापर काढ गं. मांडे करायचेत."

माझं माहेर येवल्याकडचं. तिकडं पाव्हण्याला पुरणाचे मांडे करायची रीत. हातावर परातीएवढा फिरवायचा अन् तापल्या खापरावर टाकायचा. वर तूप, संगं गुळवणी दूध, कटाची आमटी, कुरडया, भजी. एक मांडा खाल्ला की माणूस बसतो, दोन खाल्ले की आडवा व्हतो.

अकरा वाजता मंडळी उतरली. पाण्याच्या बाटल्यांचा एक टेम्पो बी मागं व्हता. शांततेत तहान लय लागत असंल. पंगत बसली. गौरांग म्हणला, "आजी, मला एकच."

"अरे, एक वाढत नसत्यात बाबा. आमच्यात एक फक्त पिंडाच्या ताटाला. दोन घे."

दोन घेतले. खाल्ले. आता ह्या शहरवाल्यांचं एक असतं, जेवण आवडलं की लाजत लाजत इचारत्यात. "आजी, एक अजून मिळेल?"

"तीन झाले की रे! तीन कुणी खातं का? तीन तिगाडा, काम बिगाडा. घरी आई नाय का तुला सांगायला?" अन् पडले दोन अजून. दोनाचे चार झाले, वर तुपाची धार.

आभाबाईनं ताटावर हात धरला. "मी गव्हाचं खात नाही हो."

"असं व्हय? मंग नव्या तांदळाचा भात घे. माझ्या गळ्याची आण हाय." भाताचा डोंगर वाढला, त्यात आमटीचं तळं केलं. मी वाढत गेले अन् विमलाबाई माझ्या मागनं तूप सोडत आली. पंगतीत कुणाला पळता आलं नाय. शिकल्याली माणसं, म्हाताऱ्या बाईला नाय म्हणायची लाज वाटती. त्या लाजेवरच तर माझी भिस्त व्हती.

एक वाजता तिसाच्या तीस आंब्याखाली आडवी. कुणी पोटावर हात धरून, कुणी पट्टा सैल करून. शांतता खरी त्या दिवशी झाली. गौरांग तेवढा मर्द गडी, उठला. म्हणला, "चला, मी लीड करतो." गेला, अन् पहिल्या वळणावरून सायकल ढकलत परत आला. तोंड पांढरंफटक. "आजी, पाणी."

दोन वाजता बशीचा भोंगा वाजला. आमची आठ माणसं चढली. मी आंब्याखाली जाऊन म्हणलं, "लेकरांनो, घाट सहा किलोमीटर हाय. ही बस घोटीला सोडती. मर्जी तुमची."

उठली की हो पटापट! सायकली टेम्पोत कोंबल्या, माणसं बशीत चढली. एकच सायकल मावली नाय, गौरांगची. दोन लाखांची म्हणं. मला म्हणला, "आजी, पुढच्या रविवारी नेतो. जिवापाड जपा." मी ती पडवीत लावून ठिवली.

साहेब पुढच्या सीटवर बसलेले. मागं वळून बघतात तो माणसं दांडीला लोंबकळलेली. त्यांनी गौरांगला इचारलं, "तुम्ही नेहमी येता का इकडे?" आता गप बसंल तो पुढारी कसला? ढेकर दाबत म्हणला, "दर रविवारी, सर. आमचा मोठा ग्रुप आहे." साहेबांनी वहीत लिवलं. दीपकनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मी घरी येऊन वैष्णवीचं दप्तर खुंटीवरनं काढलं अन् तिच्या मांडीवर ठेवलं. पोरगी रडाया लागली, मी बी रडले.

बुधवारी डेपोचं पत्र आलं. वैष्णवीनं वाचलं, अन् मधीच थांबली. मी म्हणलं, वाच की. तिनं पुन्हा वाचलं. 'पर्यटकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद पाहता, सदर फेरी दर रविवारी नियमित सुरू ठेवण्यात येत आहे.'

दर रविवारी! कॉलेज बंद असतं त्या दिवशी! मी त्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. अन् स्वतःला बी बोलले, मांडे कुणासाठी भाजलेस गं कुसाबाई? सोमनाथ म्हणला, "जाऊ दे आई, तू केलंस तेवढं लय झालं." ते ऐकून तर मला आणखीच संताप आला. मी तरातरा पडवीत गेले.

गुरुवारी सकाळी नवाला गौरांगचा फोन. लय खुशीत व्हता. "आजी, कळलं मला! फक्त रविवारी बस! मस्त झालं. म्हणजे सोमवार ते शनिवार रस्ता शांतच राहणार ना?"

"व्हय बाबा. लय शांत."

"आणि माझी सायकल बरी आहे ना?"

"झकास हाय. सकाळी सातला गेली."

"गेली? कुठं गेली?"

"कॉलेजला. सोमनाथनं सीट खाली करून दिली. वैष्णवी म्हणती, गेर टाकला की घाट कळत बी नाय. पावणेनवाला पोचली, आत्ताच तिचा फोन आला. तूच लिवलं व्हतंस ना, रस्ता एकट्या बाईमाणसाला बी निर्धोक हाय म्हणून?"

तिकडं धाडकन् कायतरी खाली पडलं. मी म्हणलं, "ऐकतोस ना? रविवारी जेवाया ये. बशीनं ये, चालू हाय. अन् येताना अजून एक सायकल घेऊन ये, हर्षालीला."

"अहो आजी, पण..."

"पण नाय अन् बिण नाय. चार मांडे खाल्लेस, ध्यानात हाय ना? आमच्यात एक वाढत नसत्यात."