दम्याची खीर

संस्कृतीचा दमा आटोक्यात आला होता. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी दिलेला पंप ती सकाळ-संध्याकाळ ओढायची, चूळ भरायची आणि शाळेत पळायची. शाळा सुटली की बेलापुरातली पोरं माझ्या ओट्यावर शिकायला येत, त्यांत तीही असे.

एकदा तिने विचारलं, "गुरुजी, धुरानं मलाच दम का लागतो? आलियाला का न्हाई?"

मी सगळ्यांनाच उभं केलं. "धूर आत गेला की श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे बारीक प्रथिनं. इंटरल्यूकिन त्यांचं नाव, पुढे नंबर. अझहर, तू पाच. तू एका जातीच्या पांढऱ्या पेशींना बोलवायचं. आलिया, तू तेरा. तू सांगायचं, चिकट कफ करा, नळी आवळा."

अझहरने पांढऱ्या पेशी म्हणून एवढी पोरं बोलावली की ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"सुजली नळी," तो म्हणाला.

"आलियाच्या नळीतून असे निरोप थोडेच निघतात. संस्कृतीच्या नळीतून ढीगभर, साध्या धुळीलासुद्धा."

"मग माझा पंप काय करतो?"

"निरोप दाबून ठेवतो. म्हणून बरं वाटलं तरी तो सोडायचा नाही. सोडला तर लगेच काही कळत नाही. निरोप हळूहळू वाढत जातात."

कोजागिरी जवळ आली तेव्हा तिच्या आजीला, मुक्ताबाईंना, कुणीतरी सांगितलं की नगरकडच्या एका मठात त्या रात्री दम्याची खीर देतात. पथ्य कडक होतं. खिरीनंतर सव्वा महिना दुसरं औषध नाही, आंबट नाही.

मी तिच्या वडिलांना गाठलं. "वाल्मिक, खीर खाऊ दे. दूध-तांदूळच आहे. पण पंप सोडू नका."

"पंप चालू ठिवला तर गुण कशाचा, ते कळायचं कसं, गुरुजी?"

मुक्ताबाई आतून म्हणाल्या, "तुमी पोरांना शिकवा. पोरगी आमची हाय."

खीर झाली. दिवाळीत संस्कृती फुलबाज्या घेऊन गल्लीभर हिंडली. मुक्ताबाई दारोदार सांगत होत्या, "पंप सुटला बघा."

मग कारखाना सुरू झाला. शेजारच्या वावरातला ऊस तुटला आणि कुणीतरी पाचट पेटवलं. भर दुपारी संस्कृतीच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. दम लागला की ओढायचा दुसरा, तातडीचा निळा पंप आजीने पथ्यासाठी कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि आजी बाजारात गेली होती. वाल्मिकने कुलूप फोडलं तोवर पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते. टेम्पोतून श्रीरामपूर, तिथून नगर. नळी घालून तिला श्वास द्यावा लागला.

ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेलो. गळ्याची हाडं वर आली होती.

"पथ्य मोडलं तिनं," मुक्ताबाई म्हणाल्या. "शाळेत चिंच खाल्ली. मठाला बोल लावायला तोंड न्हाई ठिवलं आमाला."

मी संस्कृतीजवळ बसलो. "चिंचेनं हे होत नाही, बाळ. पंप सुटल्यावर नळीत काय झालं, तुला ठाऊक आहे. सांग बरं आजीला."

तिने आजीकडे पाहिलं. मग गोधडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी चिंच खाल्ली, गुरुजी."

"ते नाही विचारलं मी."

"लई खाल्ली."

वाल्मिक चहा घेऊन आला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "पंप चालूच हाय आता. फुडल्या कोजागिरीपतुर देऊ, मग परत खीर. त्याफुडं तिच्या खाण्यावर मी सोता नजर ठिवनार हाय."